बाबा कटिंगवर होते

"मी कटिंगवर आहो," असं मी आईला सांगितलं, तेव्हा तिनं आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. केस तर चार दिवसांपूर्वीच कापले होते.

"आखीन कितीक कापशीन?" असं म्हणून तिनं ताटात भाताचा दुसरा ढीग घातला.

चूक तिची नव्हती. आमच्या गावात कटिंग म्हणजे न्हाव्याकडे जाऊन डोकं हलकं करून येणं. मी बोलत होतो ती कटिंग जिममधली. अंगावरची चरबी हळूहळू उतरवायची, म्हणजे खालचे स्नायू एकेक करून वेगळे दिसायला लागतात. आणि हे करताना अंगातला जोर मात्र तसूभरही कमी होऊ द्यायचा नाही. हे सगळं तिला समजावता समजावता भात निवला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे उपास." मी म्हणालो, "उपास नाई वं." ती म्हणाली, "भात नाई खाऊन राह्यला म्हणजे उपासच." धानाच्या मुलखात हीच व्याख्या चालते.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत परिचर आहे मी. बाटल्या धुवायच्या, रसायनं मोजून द्यायची आणि काचेच्या नळ्या फोडणाऱ्या पोरांवर ओरडायचं, एवढं माझं काम. यातलं ओरडणं मला उपजतच येतं. मोजणं मी नोकरीत शिकलो आणि त्याचा मला फार अभिमान होता.

सहा वर्षं मी संध्याकाळी कॉलेज सुटलं की खताच्या दुकानाच्या माडीवरच्या जिममध्ये जात होतो. खाली युरियाचा वास, वर घामाचा. छाती भरली, दंड भरले आणि त्यांच्याबरोबर पोटही भरलं. वजनं उचलण्यात मी कोणाला ऐकत नव्हतो, पण शर्ट काढला की माझा जोर नक्की कुठे आहे ते मलाच बोट ठेवून दाखवावं लागे. जिम चालवणारे आमचे सर पन्नाशीचे, एकेकाळी स्वतः स्टेजवर उभे राहिलेले. ते एकदा मला आरशासमोर उभं करून म्हणाले, "तुह्यापाशी माल आहे, पण चुंगडीत बांधून ठेवला तू. चुंगडी काढ, मंग लोकाईले दिसन." चुंगडी म्हणजे पोतं.

मार्चमध्ये चंद्रपूरला जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा होती. सत्तर किलोच्या गटात मला उतरायचं होतं. दिवाळीत मी एकोणऐंशी किलो होतो.

सरांचे नियम साधे होते. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं, त्याहून जास्त नाही. भात कमी करायचा. मासे, अंडी, डाळ वाढवायची. झोप पुरी घ्यायची. आणि वजनं उचलायची ती पहिल्याइतकीच जड. त्यांनी मला एक वही करायला लावली. डाव्या बाजूला दर सोमवारचं माझं वजन, उजव्या बाजूला त्या दिवशी खांद्यावर किती लोखंड घेऊन उठलो तो आकडा.

"काटा खाली आन् लोखंड तेवढंच, म्हणजे चरबी जाऊन राह्यली," सर म्हणाले. "पण ज्या दिवशी काटा बी खाली आन् लोखंड बी खाली, त्या दिवशी समज, तू सोताले खाऊन राह्यला."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. पाठ होतं मला ते.

मासे आमच्या घरी कधीच कमी नव्हते. बाबा जन्मभर तलावावर. गावचा जुना तलाव मच्छीमार संस्थेकडे आहे. संस्थेचे लोक मिळून मोठं जाळं ओढतात ते उन्हाळ्यात, पाणी उतरलं की. एरवी बाबा सकाळी एकटेच फेकजाळं घेऊन जात आणि घरापुरती मासोळी आणत. ती मासोळी मी आईला नुसती उकडून मागितली. तेल नको, तिखट नको, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकला तर चालेल.

"बिमार हायेस का?" आईनं विचारलं.

"नाई."

"मंग बिमारासारखं काऊन खातं?"

तिनं माझ्या कटिंगविरुद्ध जमेल तेवढी लढाई केली. डाळीत पेज मिसळून पाहिली. एकदा वांग्याच्या भाजीखाली मूठभर भात लपवला. तो मला सापडला आणि मी ताट सरकवून नको नको ते बोललो. म्हणालो, तुले माहं चांगलं झालेलं पाहवत नाई. तो भात तिनं आपल्या ताटात घेतला आणि खाली मान घालून खाल्ला. वाईट बोलणं मला आधीही येत होतं, पण भुकेनं त्याला धार चढली होती. त्या भाताची मला आजही लाज वाटते.

वजन उतरायला लागलं तसा गावानंही कानाडोळा केला नाही. आमच्याकडे माणूस जाड झाला तर "सुटला" म्हणतात आणि त्यात कौतुक असतं. बारीक झाला तर "वाळला" म्हणतात. वाळतं ते लाकूड, वाळते ती मिरची. माणसाला हा शब्द लावला की घरात काहीतरी बिनसलं आहे असं धरतात. दुकानावर, पाणवठ्यावर, बस थांबते तिथे, जो तो मला विचारायचा, "काऊन वाळला गा?" आणि मी चिडून सांगायचो, "वाळलो नाई, कटिंगवर आहो." लोक माझ्या डोक्याकडे बघायचे.

फक्त बाबांनी मला कधी असं विचारलं नाही. ते तेव्हा बासष्टचे. जन्मभर सडपातळ. अंगणात उघडे बसून जाळं विणायला लागले की पाठीवरचे स्नायू आळीपाळीनं वर यायचे. त्यांना वजनं माहीत नव्हती, जिम माहीत नव्हती. मी लहान असताना त्यांच्या दंडावरची शीर बोटानं दाबून बघायचो, ती परत वर यायची आणि आम्ही दोघं हसायचो. जिममध्ये गेलो तो कदाचित तसा दंड आपलाही व्हावा म्हणूनच. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी बाबांनी अर्धं ताट तसंच मागे सरकवलं. आईनं विचारलं, "काऊन?" तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मी बी याच्यासंगं कटिंगवर."

आणि हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. बिडी ओढणाऱ्या माणसाचं हसणं खोकल्यातच संपतं, आमच्या घरात कोणाला त्याचं नवल नव्हतं.

मला इतका आनंद झाला की वजन उतरत असतानाही अंगावर मूठभर मांस चढलं. घरात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या बाजूनं झालं होतं. मी रोज त्यांना बघून म्हणायला लागलो, "बाबा, मस्त दिसून राह्यले. काय कट आल्या!" कट म्हणजे दोन स्नायूंमधली खाच, हेही मी त्यांना शिकवलं. त्यांच्या खांद्यावर, बरगड्यांवर, पोटावर रेघ न् रेघ दिसायला लागली होती. तलावाच्या पाळीवर कोणी विचारलं की, "काऊन वाळले भाऊ?" तर ते म्हणायचे, "वाळलो नाई गा, कटिंगवर आहो. पोट्टा म्हणते, फोटो काढाचा तेवढा राह्यला." मग हसायचे आणि मग खोकायचे. महिन्याभरात सगळ्या गावाला तो शब्द कळला. जे मला चार वेळा समजावून जमलं नव्हतं ते बाबांनी एकदा हसून केलं.

फोटोही मी काढला. ते उन्हात पाठमोरे बसून जाळ्याची गाठ मारत होते. तो फोटो मी जिममध्ये सरांना दाखवला. सरांनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

"वय?"

"बासष्ट."

"चरबी नावाले नाई," ते म्हणाले. मग फोन माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "जोर आहे ना?"

"आहे ना. रोज जाळं फेकते."

मी हे क्षणाचाही विचार न करता सांगितलं. खरं म्हणजे दोन महिने मी तलावाकडे फिरकलो नव्हतो. आधी दर रविवारी जायचो. पण सरांनी झोप पुरी घ्यायला सांगितली होती आणि नियम पाळण्यात माझा हात कोणी धरणार नव्हतं. माझं स्वतःचं लोखंड मी दर सोमवारी वहीत लिहीत होतो. बाबांचं लोखंड म्हणजे जाळं, आणि ते मी ऐकीव माहितीवर सांगून मोकळा झालो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आईनं मला पहाटेच हलवलं. "बाबासंगं जाय जरा," ती म्हणाली. "डोंगा पाण्यात ढकलाले आता शेजारच्या भाऊले हाक मारते हे."

"थंडी आहे, आळस येत असन."

"तुह्या बाबाले आळस?" ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. मी कुरकुरत उठलो.

तलावाची पाळ फार उंच नाही. बाबा अर्ध्यात थांबले. बिडी काढली, तोंडात धरली, पण पेटवली नाही. थोड्या वेळानं ती परत कानावर अडकवून वर चढले. मला वाटलं, माझ्या नादानं बिडीही कमी केली वाटतं. माझ्या डोळ्यांना तेव्हा सगळंच कौतुकाचं दिसत होतं.

फेकजाळं फेकणं हे बघण्यासारखं असतं. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. जाळ्याचा एक भाग डाव्या कोपरावर घ्यायचा, काठाचा एक मणी दातात धरायचा, बाकीचं उजव्या हातात. मग कमरेतून गिरकी घेऊन सगळं एकदम सोडायचं. जाळं हवेत उघडतं आणि पूर्ण गोल होऊन पाण्यावर बसतं. बाबांच्या हातचं जाळं इतकं गोल उघडायचं की दुसरे लोक आपलं काम थांबवून बघायचे. सगळा जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून मनगटात जातो. हे मला जिममध्ये गेल्यावर कळलं. बाबांना ते कळायची गरज नव्हती.

त्या सकाळी त्यांनी काठावरूनच जाळं फेकलं. ते उघडलं नाही. सगळे मणी एकाच जागी पाण्यात पडले, बादली ओतावी तसे.

त्यांनी जाळं ओढून घेतलं, पुन्हा कोपरावर लावलं, पुन्हा फेकलं. यावेळी अर्धं उघडलं आणि त्यांचा स्वतःचा तोल गेला. मी हात धरला. दंड माझ्या मुठीत मावला. मग ते पाळीवर बसले आणि खोकायला लागले. यावेळी आधी हसले नव्हते.

"जाळं भिजून जड झालं," ते म्हणाले.

पहिल्या फेकीला जाळं कोरडं होतं, हे मी पाहिलं होतं. मी तिथे उभा राहिलो आणि वहीचं पहिलं पान माझ्या डोळ्यांसमोर आलं. काटाही खाली, लोखंडही खाली. दोन महिने हा माणूस माझ्यासमोर स्वतःलाच खात होता आणि मी शेजारी बसून वाहवा करत होतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस. दिवाळीच्या सुमारास धान मोजायच्या काट्यावर गमतीनं उभे राहिले होते तेव्हा बावन्न होते, हे मला आठवलं. तेवढ्याच दिवसांत मी सात किलो उतरवून गावभर मिरवत होतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काका, वजन कधीपासून कमी होतंय?"

बाबा खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "मी कटिंगवर होतो, बाई."

बाईंना काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते समजावून सांगावं लागलं. जिम काय, स्पर्धा काय, मी भात का सोडला, बाबांनी का सोडला, आणि ते बारीक होत असताना मी त्यांना काय काय म्हणत होतो. बोलता बोलता माझा आवाज खाली खाली जात होता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त लिहीत राहिल्या. नंतर त्यांनी विचारलं, "संध्याकाळी ताप येतो का?" बाबा म्हणाले, "येते ना." इतक्या सहज, जणू जेवलात का असं विचारलं होतं.

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. बाईंनी सगळं नीट सांगितलं. सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. बिडी बंद. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. खोकताना तोंडावर फडकं धरायचं, मोकळ्या हवेत बसायचं. आणि खायचं, पोटभर खायचं.

परतताना मी गाडी रस्त्याच्या कडेला एका मोहाच्या झाडाखाली थांबवली. मला राहवलं नाही. मी जवळजवळ ओरडलोच, "ताप येऊन राह्यला होता त सांगतलं काऊन नाई?"

बाबा गाडीवरून उतरले. थोडा दम घेतला.

"मले वाटलं होतं सांगाव," ते म्हणाले. "पण तू रोज म्हणे, मस्त दिसून राह्यले. तू शिकलेला. वहीत लिवते, मोजते. मंग मले वाटलं, असन बा. कटिंगमंधी असंच होत असन."

त्यांनी लपवलं असतं तर मला त्यांच्यावर रागावता आलं असतं. त्यांनी लपवलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. अंगात ताप, घामानं भिजलेली गोधडी, पायात गोळे, आणि हे सगळं चांगलंच चाललं आहे असं ते धरून चालले होते, कारण त्यांचा मुलगा तसं म्हणत होता. मी गाडीच्या हँडलवर डोकं टेकवून रडलो. बाबा शेजारी उभे राहून म्हणाले, "चाल आता. ऊन लागते."

आई आणि मी तपासून घेतलं, आम्हाला काही नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. पण बाबांना जेवण जाईना. भूकच मेली होती. आईनं पातळ भात केला, मरळीचं कालवण केलं, लाखोरीची डाळ केली, झिंगे भाजून घातले. ते दोन घास घेऊन ताट सरकवायचे. "अंगी लागाले आधी पोटात त गेलं पायजे," आई म्हणायची आणि पदरानं तोंड झाकून आत जायची.

तिसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "तू खाय, मंग मी खातो."

स्पर्धेला बावीस दिवस होते. मी साडेएकाहत्तरला आलो होतो. लोखंड एका किलोनंही घसरलं नव्हतं. पोटावर पहिल्यांदाच रेघा दिसायला लागल्या होत्या. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आरशात रोज थोडं थोडं उगवत होतं. मी खरं सांगतो, त्या दिवशी मी मनातल्या मनात हिशेब केला. एक घास घेतला, बाकीचा भात डाळीखाली सारला आणि जेवल्यासारखं केलं. आईची युक्ती उलटी करून वापरली. बाबांनी एक घास घेतला आणि उरलेला भात डाळीखाली सारला. माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

त्याच्या पुढच्या दिवशी मी आईसमोर ताट धरलं आणि म्हणालो, "वाढ."

तिचा हात क्षणभर हवेत थांबला. मग तिनं वाढलं, पहिल्यासारखा ढीग. आम्ही अंगणात, उघड्यावर, चार हात अंतर ठेवून बसलो. मी एक घास घेतला की बाबा एक घास घ्यायचे. मी पाणी प्यायलो की ते पाणी प्यायचे. चार महिन्यांनी भात पोटात जात होता. गरम भात आणि मरळीचं कालवण. मला राग येत होता, वाईट वाटत होतं, आणि तरी तो भात इतका चांगला लागला की पुढचा घास मी बाबांची वाट न पाहताच घेतला. ते म्हणाले, "थांब ना गा. मले गाठू दे."

स्पर्धेत उतरत नाही हे सरांना सांगायला गेलो तेव्हा बोलणी खायची तयारी ठेवूनच गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकलं. फोटो त्यांनाही आठवत होता. "मी बी पाह्यला होता रे," ते म्हणाले, "मले बी नाई समजलं." मग म्हणाले, "पुढच्या साली बी मार्च येईन." निघताना त्यांनी अंड्यांचा ट्रे माझ्या हातात दिला. मी नको म्हणालो, तर म्हणाले, "तुह्यासाठी कोण देते? बाबाले देजो." त्यानंतर दर सोमवारी तो ट्रे जिमच्या दाराशी माझी वाट बघत असायचा.

स्पर्धेच्या दिवशी मी पंचाहत्तर किलोचा होतो आणि अंगणात बसून तिसऱ्यांदा भात मागत होतो. चंद्रपूरला स्टेजवर कोण उभं राहिलं ते मी विचारलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा पूर्ण ताट संपवलं, आणि संध्याकाळी मी निमूट जाऊन ताटं घासली.

वहीत मी नवं पान काढलं. डावीकडे वजन, उजवीकडे जोर, नियम तोच, फक्त आता दोन्ही वर जायला हवे होते. वजनाला दवाखान्यातला काटा होता. जोराला लोखंड कुठून आणणार? मग मी लिहायला लागलो ते असं. विहिरीवरून बादली आणली, वाटेत एकदा ठेवली. बादली न ठेवता आणली. पाळ चढले, मध्ये एकदा थांबले. पाळ चढले, थांबले नाहीत. डोंगा ढकलला, मी हात लावला. डोंगा ढकलला, मी नुसतं नाटक केलं. मोजायची सवय माझी जुनी, पण इतकं लक्ष देऊन मी आधी कधी काही मोजलं नव्हतं. त्रेचाळीस झाले, पंचेचाळीस झाले, पाऊस लागला तेव्हा अठ्ठेचाळीस. बरगड्यांवरच्या रेघा बुजायला लागल्या. एका सकाळी आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सुटून राह्यले वाटते." तिच्या तोंडून हा शब्द ऐकून मला जे बरं वाटलं ते कुठल्या ढालीनं वाटलं नसतं.

जाळ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते खुंटीवर होतं. मीही काही बोललो नाही. बोललो की काय होतं, ते मला कळलं होतं.

गोळ्या संपल्या, बाईंनी पुन्हा तपासून आता बरे आहात म्हणून सांगितलं, आणि पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील, तेव्हा एका सकाळी बाबांनी खुंटीवरचं जाळं काढलं. "येतं का?" त्यांनी विचारलं. मी चपला शोधत बसलो नाही, तसाच निघालो.

तलाव काठोकाठ भरला होता. पाळ ते न थांबता चढले. जाळं डाव्या कोपरावर लावलं, मणी दातात धरला, कमरेतून गिरकी घेतली. अर्धं उघडलं. ते स्वतःशी काहीतरी पुटपुटले, जाळं ओढलं, झटकलं, पुन्हा लावलं. मी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं नाही, पाठीकडे पाहिलं नाही. मी फक्त पाण्याकडे पाहत होतो.

जाळं उघडलं. पूर्ण उघडलं, आणि सगळे मणी एकदम पाण्यावर बसले.

"लिव तुह्या वहीत," बाबा म्हणाले.

वही घरी होती. त्यांनी सावकाश दोरी ओढली, मी मदतीला हात पुढे केला तर कोपरानं मला बाजूला केलं. जाळं काठावर आलं. त्यात नुसतं शेवाळ होतं आणि एक फुटकी प्लास्टिकची चप्पल. एक मासोळी नाही. बाबांनी ती चप्पल उचलून माझ्या सुटलेल्या पोटासमोर धरली आणि म्हणाले, "घे, उकडून देते तुही माय. बिना तिखटाची."

आणि ते हसायला लागले. पाळीवर बसून, मांडीवर हात मारून हसले. मी हसलो नाही. मी श्वास धरून खोकल्याची वाट पाहत उभा होतो. ते हसत राहिले, मग थांबले, डोळे पुसले आणि जाळ्यातलं शेवाळ काढायला लागले. खोकला आला नाही.